एकच वही, दोन कॉम्प्युटर



मागच्या मासिक सभेत आपल्या एका ताईंना सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, की त्यांचे दोन हप्ते थकलेत. त्या उठल्या, पिशवीतून पासबुक काढलं आणि पुढं धरलं. दोन्ही हप्ते भरलेले, नोंद आणि सही जागच्या जागी. चूक माझी होती. हप्ते मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये चढवले होते. सभेची यादी मात्र पलीकडच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून छापली गेली, आणि त्यातली वसुलीची फाइल बारा दिवस जुनी होती. मधल्या काळात पेन ड्राइव्ह इकडून तिकडं न्यायचा राहिला, एवढंच झालं. पण चारचौघींत थकबाकीदार म्हणवून घेणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. मी ताईंची माफी मागितली आणि त्याच आठवड्यात दोन्ही कॉम्प्युटर जोडून घेतले. काम अर्ध्या-पाऊण तासाचं होतं. दोन वर्षं ते आम्ही उद्यावर ढकलत होतो.

हे तुम्हाला सांगायचं कारण, आता आपल्यातल्या बऱ्याच घरांत दोन मशिनं आलीत. एक मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप, दुसरा गटाच्या नाहीतर मसाला-पापडाच्या हिशोबाचा जुना कॉम्प्युटर. आणि मधे तोच पेन ड्राइव्ह, जो झेरॉक्सच्या दुकानातून येताना व्हायरससुद्धा घेऊन येतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. घरात वायफायचा डबा, म्हणजे राउटर असेल आणि दोन्ही मशिनं त्याच वायफायवर असतील, तर ती आधीच एका ओसरीवर बसलेली आहेत. इंटरनेट म्हणजे घराबाहेर जाणारा रस्ता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत डबा न्यायला रस्त्यावर जावं लागतं का? तसंच हे. फाइल घरातल्या घरात जाते. रिचार्ज संपला तरी जाते, डेटा खर्च होत नाही. राउटर नसेल तर एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन्ही मशिनं घेतली तरी सहसा जमतं. दोन्हीकडं नाव मात्र एकाच वायफायचं हवं. काही राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वायफाय असतं, त्यावर बसलेल्या मशिनला बाकीची मशिनं दिसत नाहीत. आमचा पहिला तास यातच गेला.

आता फाइल कुठं ठेवायची ते ठरवा. ती एकाच ठिकाणी राहणार आणि दुसरं मशिन तिथं येऊन ती उघडणार, हाच यातला सगळा मुद्दा. लॅपटॉप सभेला गावोगाव जातो, त्यामुळं फाइल त्यात ठेवली तर ऑफिसात मागं काहीच राहत नाही. म्हणून आम्ही टेबलावरचा कॉम्प्युटर निवडला आणि त्याला यूपीएस लावला. राउटरही इन्व्हर्टरवर घ्यायचा हे लाईट गेल्यावर सुचलं. कॉम्प्युटर चालू होता, पण राउटर बंद पडल्यानं लॅपटॉपवरची फाइल लिहिता लिहिता अडकली.

विंडोजमध्ये हे कसं करायचं ते सांगते. पडद्यावर नावं इंग्रजीत दिसतात, मी उच्चार लिहितेय. दोन्ही मशिनवर 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा, आपल्या वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा आणि 'पब्लिक'च्या जागी 'प्रायव्हेट' निवडा. प्रायव्हेट म्हणजे हे घर आपलं, इथं दार उघडलं तर चालेल. लॅपटॉप बसस्टँडवर किंवा दुसऱ्याच्या वायफायवर नेला तर तिथं मात्र पब्लिकच असू द्या. मग शोधायच्या चौकटीत 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' टाइप करा आणि प्रायव्हेटखालचं 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

फाइल ज्या कॉम्प्युटरवर राहणार तिथं एक वेगळं खातं उघडा. नाव काहीही द्या, आम्ही 'गट' दिलं, पण पासवर्ड घालाच. बहुतेकींची गाडी इथंच अडते. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज दुसऱ्या मशिनवरून आत येऊ देत नाही. आणि कॉम्प्युटर सुरू करताना आपण जो चार आकडी पिन टाकतो, तो इथं चालत नाही, पासवर्डच लागतो. 'माझा आकडा बरोबर आहे तरी घेत नाही' म्हणून मी चिडून दोनदा मशिन बंद केलं होतं.

आता एक नवा फोल्डर करा, त्यात हिशोबाच्या फाइली ठेवा. फोल्डरवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज', त्यात 'शेअरिंग', मग 'शेअर'. 'गट' हे खातं निवडा. पुढं दोन पर्याय येतात. 'रीड' म्हणजे नुसतं वाचता येईल, 'रीड-राइट' म्हणजे लिहिता-पुसताही येईल. ज्या मशिनवरून फक्त याद्या छापायच्या त्याला 'रीड' पुरे. अख्खी सी ड्राइव्ह कधीच शेअर करू नका. 'एव्हरीवन' निवडून पासवर्ड काढून टाका, सोपं पडेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या फोल्डरात बायांच्या आधार कार्डांचे आणि बँक पासबुकांचे फोटो असतात, आणि आपला वायफायचा पासवर्ड शेजारच्या पोरांनाही पाठ असतो.

'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम'खाली 'अबाउट'मध्ये त्या कॉम्प्युटरचं नाव दिसतं, ते कागदावर उतरवा. दुसऱ्या मशिनवर फोल्डरांची खिडकी उघडा. वरच्या पट्टीत आधी \\ अशा दोन उलट्या तिरप्या रेघा, त्यांना लागून ते नाव टाइप करा आणि एंटर दाबा. खातं आणि पासवर्ड विचारेल, तो दिला की फोल्डर समोर. त्यावर उजवं बटण दाबून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' केलं, की तो रोज एखाद्या ड्राइव्हसारखा दिसतो. दिसला नाही तर आधी बघा, तो कॉम्प्युटर झोपलाय का. 'पॉवर'च्या सेटिंगमध्ये त्याचं 'स्लीप' बंद करावं लागतं.

दोघींनी एकाच वेळी एक्सेलची तीच फाइल उघडली, तर दुसरीला संदेश येतो की फाइल वापरात आहे, 'रीड-ओन्ली' उघडा. तेव्हा नवीन नावानं सेव्ह करायचा मोह होतो. करू नका, नाहीतर पुन्हा दोन वह्या झाल्या. सरळ पलीकडच्या खोलीत हाक मारा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. या शेअर केलेल्या फोल्डरातली फाइल दुसऱ्या मशिनवरून पुसली, तर ती कचऱ्याच्या डब्यात, म्हणजे रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती गेलीच. म्हणून शेअरिंग झालं की बॅकअपची गरज संपली असं समजू नका, उलट ती वाढली. आम्ही दर शनिवारी सगळा फोल्डर वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो. काढून ठेवणं महत्त्वाचं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला, तो याच वाटेनं, विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या एका फटीतून, एका मशिनवरून दुसऱ्यावर गेला. फाइलींना कुलूप घालून तो पैसे मागायचा. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांत पेशंटच्या ठरलेल्या तारखा रद्द कराव्या लागल्या होत्या. ती फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी घेतला नाही ते सापडले.

ती जुनी पद्धत म्हणजे 'एसएमबी वन'. तुमचा कॉम्प्युटर फारच जुना असेल तर जोडणारा माणूस म्हणेल, 'ताई, एसएमबी वन चालू करतो, लगेच दिसेल.' त्याला नको म्हणा. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. असं मशिन घरात असेल तर त्यावर गटाचं दप्तर ठेवू नये, असं माझं मत आहे.

पुढच्या मासिक सभेला येताना लॅपटॉप असेल तर घेऊन या, चार्जरसकट. सभेनंतर तासभर बसू. कॉम्प्युटरचं नाव तेवढं घरून कागदावर लिहून आणा. आणि हो, आता सभेची यादी छापायच्या आधी मी तारीख बघते, आणि छापल्यावर दोन पासबुकं घेऊन ताडून बघते.