विज्ञाननाट्यातील कवच आणि त्याची घरगुती निर्मिती : एक विवेचन

प्रस्तावना

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे नरसी यांमुळे हा प्रदेश महाराष्ट्रास परिचित आहे. याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यात येत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. विश्वाच्या दूरच्या टोकाला कृष्णविवरांची टक्कर झाल्याची खूण जेथे टिपली जाणार, तेथील विद्यार्थ्यांच्या एकांकिकांत अंतराळयात्री, यंत्रमानव आणि परग्रहवासी अवतरावेत, हे स्वाभाविक आहे.

मराठी साहित्यास हा विषय नवा नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली होती आणि तिला पारितोषिक मिळाले होते. कागदावर अशी पात्रे निर्माण करणे लेखकाच्या हाती असते. ती रंगमंचावर आणताना मात्र वेशभूषेचा प्रश्न उभा राहतो. पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानात राजा, मावळा, राम किंवा रावण यांचा साज मिळतो. अंतराळयात्रीचे कवच सहसा मिळत नाही. ते घरी किंवा महाविद्यालयातच तयार करावे लागते. ते कसे तयार करावे, त्यामागील तत्त्वे कोणती आणि कोणती दक्षता अनिवार्य आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परंपरेतील आधार

रंगमंचीय कवचाचे मूलतत्त्व भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आढळते. आहार्य अभिनयाच्या विवेचनात रंगभूमीवरील शस्त्रे, कवचे व अलंकार जड धातूंचे नसावेत, ते लाख, बांबू, कापड, चामडे यांसारख्या हलक्या द्रव्यांचे असावेत, असा विचार मांडला आहे. जड वस्तूंमुळे नटास थकवा येतो, प्रसंगी मूर्च्छा येते, हे त्याचे कारण. कवच प्रेक्षकास जड भासले पाहिजे. अंगावर मात्र ते हलकेच असले पाहिजे. आजच्या विज्ञानपटांचे वेशकारही याच नियमाने चालतात. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील शुभ्र सैनिकांची कवचे पोलादाची नव्हती. तापवून मऊ केलेला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा निर्वाताच्या साहाय्याने साच्यावर ओढून ती घडविली होती.

हिंगोलीस या परंपरेचे वावडे नाही. येथील दसरा महोत्सवास दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते, आणि रामलीला मैदान हे नावच सोंग-मुकुट-धनुष्याच्या जगाची आठवण देते. जव्हार-मोखाडा परिसरातील बोहाड्याचे मुखवटे लाकडाप्रमाणेच कागदाच्या लगद्याचेही असतात. ग्रामीण घरांत रद्दी कागद भिजवून, त्यात मेथी वाटून घालून, तो लगदा भांड्याच्या पाठीवर थापून टोपल्या करण्याची रीत होती. ज्या हातांनी अशी टोपली घडविली, त्या हातांस शिरस्त्राण घडविणे परके वाटू नये.

द्रव्यांची निवड

घरगुती कवचासाठी प्रामुख्याने तीन द्रव्ये उपयुक्त ठरतात.

पहिले, नालीदार पुठ्ठा. किराणा व विद्युत उपकरणांच्या दुकानांतील रिकाम्या खोक्यांतून तो जवळपास विनामूल्य मिळतो. त्याच्या दोन थरांमधील नाल्या एकाच दिशेने धावतात. त्यामुळे नाल्यांना समांतर अशा घडीवर तो सहज गोलाकार वळतो. आडवा वळविल्यास चुरगळतो. दंडावरील किंवा पोटरीवरील नळकांडे करताना नाल्या अवयवाच्या लांबीच्या दिशेने ठेवाव्यात.

दुसरे, कागद आणि खळ. कणीक किंवा मैदा पाण्यात शिजवून केलेल्या खळीने कागदाचे तुकडे एकावर एक चिकटविल्यास, वाळल्यावर हलके व कडक कवच मिळते. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात; अंगास लागणाऱ्या वस्तूत मात्र ते विषारी द्रव्य वर्ज्य करावे.

तिसरे, इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, अर्थात ईव्हीए फोम. चपलांच्या तळव्यांत आणि जमिनीवर अंथरावयाच्या जोडपट्ट्यांत तो वापरला जातो. पाच ते दहा मिलीमीटर जाडीचा फोम गरम हवेच्या यंत्राने तापविल्यास मऊ होतो आणि वळवून धरल्यास थंड झाल्यावर तोच आकार राखतो.

थर्मोकोल मात्र टाळावा. महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली. शिवाय फवारणीच्या रंगातील द्रावक त्यास विरघळवितात, ही व्यावहारिक अडचणही आहेच.

मापन आणि भूमिती

कवचाचे यश रंगात नसून मापात असते. छाती, पाठीची उंची, खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, मांडी, गुडघा आणि डोक्याचा घेर ही मापे आतील कपड्यांसह घ्यावीत. हालचालीसाठी प्रत्येक घेरात दोन ते तीन सेंटीमीटर वाढ धरावी. अधिक नेमका आकार हवा असल्यास जुना सदरा घालून त्यावर धडापुरती चिकटपट्टी सैलसर गुंडाळावी आणि पाठीमागून कापून तो साचा सोडवून घ्यावा. गळ्याभोवती पट्टी कधीही गुंडाळू नये. हा साचा सपाट केला की कापावयाचा नमुना हाती येतो.

येथे गणिताचा एक मूलभूत सिद्धांत आड येतो. नळकांडे आणि शंकू सपाट कागदातून वळविता येतात. गोल मात्र येत नाही. सपाट पृष्ठ न ताणता व न चुरगळता गोलावर बसविता येत नाही, हे गाउस यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या वक्रतेच्या सिद्धांतावरून स्पष्ट होते. शिंपी हीच अडचण 'टक्स' घालून सोडवितो. खांद्याच्या वाटीसाठी कडेस पाचरीसारखे काप देऊन ते जोडावेत. शिरस्त्राणासाठी कलिंगडाच्या फोडींसारख्या सहा किंवा आठ पट्ट्या कापून माथ्यावर एकत्र आणाव्यात. पट्ट्या जितक्या अधिक, तितका गोल अधिक सफाईदार.

जोडणी आणि रंगकाम

फोमचे तुकडे चर्मकाराच्या दुकानातील 'सोल्यूशन'ने, म्हणजे रबरी गोंदाने, उत्तम जोडले जातात. तो दोन्ही कडांना लावून, हातास किंचित चिकट लागेपर्यंत वाळू द्यावा आणि मगच कडा नेमक्या जुळवून दाबाव्यात; एकदा चिकटल्यावर दुरुस्ती अवघड असते. या गोंदाची वाफ बाधक असल्याने हे काम उघड्या व्हरांड्यात करावे. फोम घासताना नाकातोंडावर मुखपट्टी असावी.

रंग देण्यापूर्वी पाणी मिसळलेल्या पांढऱ्या गोंदाचे तीन-चार पातळ हात द्यावेत. त्यामुळे फोमची छिद्रे बुजतात आणि रंग शोषला जात नाही. काळ्या रंगावर रुपेरी रंगाचा जवळपास कोरडा कुंचला केवळ कडांवरून फिरविला, की धातू झिजल्याचा आभास निर्माण होतो.

कवचाचे भाग एकमेकांस घट्ट चिकटवू नयेत. मध्ययुगीन भारतातील 'चार-आईना' या चिलखतात छाती, पाठ आणि दोन कुशी यांसाठी चार स्वतंत्र पत्रे पट्ट्यांनी बांधलेले असत. योद्धा वाकू शकत असे, तो पत्र्यांमधील या फटींमुळे. विज्ञाननाट्यातील कवचातही भाग स्वतंत्र ठेवून ते इलॅस्टिक व वेल्क्रोने बांधावेत. भार खांदे आणि कंबर यांवर वाटला जावा. मानेवर येऊ नये.

उष्णता : दुर्लक्षित बाजू

खऱ्या अंतराळवेशाचे वजन पृथ्वीवर शंभर किलोग्रॅमहून अधिक भरते. परंतु त्याच्या आत बारीक नळ्यांतून पाणी खेळविणारे शीतवस्त्र असते. माणसाच्या शरीराची उष्णता बंदिस्त वेशात साठते आणि ती बाहेर काढावी लागते, हे अभियंत्यांनी ओळखले होते. रंगमंचीय कवचात हे शीतवस्त्र नसते. फोम हा तर उष्णतारोधकच. मराठवाड्यात ऑक्टोबरची दुपारही तापलेली असते, आणि रंगमंचावरील दिव्यांची उष्णता वेगळी. अशा स्थितीत विद्यार्थ्यास तासभर कवचात बसविणे हा हौसेचा नव्हे, तर निष्काळजीपणाचा भाग ठरतो.

म्हणून काही नियम काटेकोरपणे पाळावेत. कवच प्रवेशापूर्वी अगदी शेवटी चढवावे आणि प्रवेश संपताच उतरवावे. सलग पंधरा-वीस मिनिटांहून अधिक काळ ते अंगावर ठेवू नये. काखा आणि पाठ येथे हवेसाठी जागा मोकळी सोडावी. शिरस्त्राणात नाकातोंडासमोर छिद्रे असावीत, आणि पायाखालची जमीन दिसते की नाही हे तालमीतच तपासावे. दुसऱ्या व्यक्तीस अर्ध्या मिनिटात संपूर्ण कवच सोडविता आले पाहिजे. याची रीतसर तालीम घ्यावी. फोम ज्वलनशील असल्याने फटाके, मशाली किंवा रावणदहनाच्या जवळपास असा वेश घालून कोणालाही जाऊ देऊ नये.

शैक्षणिक उपयोग

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत युवक महोत्सवाची तयारी दरवर्षी होते. बहुधा ती सांस्कृतिक विभागापुरती मर्यादित राहते. कवचनिर्मितीत मात्र गणिताच्या अध्यापकास पृष्ठभागांचे, पदार्थविज्ञानाच्या अध्यापकास उष्णतावहनाचे, रसायनशास्त्राच्या अध्यापकास बहुवारिकांचे आणि गृहविज्ञानाच्या अध्यापकास मापन-कर्तनाचे प्रत्यक्ष उदाहरण मिळते. मराठीच्या अध्यापकास नाट्यशास्त्रातील आहार्य अभिनय केवळ प्रश्नोत्तरापुरता शिकवावा लागत नाही. चर्मकार, शिंपी आणि मखर करणारे कारागीर यांना मार्गदर्शक म्हणून पाचारण केल्यास त्यांच्या ज्ञानास महाविद्यालयात मानाचे स्थान मिळते, हा लाभ लहान नव्हे.

चित्रपटातील वेशाची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी विद्यार्थ्यांनी आपल्या संहितेस अनुरूप आराखडा स्वतः काढावा. परग्रहावरील पात्र कोणत्या हवेत श्वास घेते, तेथील गुरुत्व किती, या प्रश्नांच्या उत्तरांतून कवचाचा आकार ठरला, तर तो वेश खऱ्या अर्थाने विज्ञाननाट्याचा होईल.

समारोप

रद्दी कागद, रिकामी खोकी आणि चपलांचा फोम यांतून भविष्यकाळातील योद्धा उभा करता येतो. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. माप, संयम आणि परीक्षण लागते. तयार कवच प्रेक्षागृहातून कसे दिसते, ही त्याची एक कसोटी आहे. ते घातलेला विद्यार्थी सहज श्वास घेतो का, वाकतो का, पायरी उतरतो का, ही त्याहून मोठी कसोटी होय. नटास थकवा येऊ नये, ही नाट्यशास्त्रातील काळजी आजच्या अध्यापकानेही तितक्याच जबाबदारीने वाहिली पाहिजे.