पिळातले बळ: घरच्या घरी बुटक्या स्प्रिंगा

बुऱ्हाणपूरहून इच्छापूरमार्गे मुक्ताईनगरकडे किंवा असीरगडावरून इंदूरकडे निघालेली छोटी मोटार बहुधा चार वेटोळ्या स्प्रिंगांवर तोललेली असते. स्प्रिंग दाबली जाते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिची सळई पिळली जाते आणि भार उतरताच तो पीळ सुटतो. याहून नवलाची गोष्ट म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा सळईच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दहा टक्के वाढली, की ताठपणा 46 टक्के वाढतो! गाडी खाली आणणारी बुटकी स्प्रिंग अधिक ताठ घडवतात. नाहीतर उरलेल्या थोड्या अंतरात गाडी खाली आदळेल. करवतीने वेढा कापणे हा त्याला पर्याय नव्हे, कारण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही.

घरी काम करणाऱ्याने आधी हा हिशोब समजून घ्यावा. मिलिमीटरमागे 2 किलो भार पेलणारी स्प्रिंग 20 सेंटिमीटर दाबली, की तिच्यात 40 किलोचे पोते एक मीटरवरून पडावे इतकी ऊर्जा साठते. शॉकअपच्या माथ्याचा नट अशा वेळी खोलला, तर जीव जाऊ शकतो. स्प्रिंग दाबून धरणारे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावावेत, आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत आणि स्प्रिंग बैठकीत सैल झाल्यावरच नटाला पाना लावावा. गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नये. खाली भक्कम स्टँड हवेत.

उंचीचाही विचार हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मानकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद होता. गल्लीतले गतिरोधक असे मापात क्वचितच सापडतात. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टचे पोट जमिनीपासून 163 मिलिमीटरवर असते. बुटक्या स्प्रिंगांपायी त्यातले 35 मिलिमीटर गेले आणि पाच माणसे बसली, की काय उरेल? माझ्या मते आपल्या रस्त्यांवर 20-25 मिलिमीटरपुढे जाऊच नये. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांना आडकाठी करते, म्हणून आरटीओत आधी विचारावे.

नव्या स्प्रिंगा बसवताना सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकून भार आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. गाडी खाली बसली, की पुढच्या चाकांचे माथे बहुधा आत झुकतात, टो म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोनही बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात; म्हणून त्यानंतर लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.