पुन्हा लिहिलेला प्रोग्राम

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नळदुर्गाच्या निकट वसलेल्या अणदूरसारख्या गावातील विद्यार्थी आज प्रोग्राम लिहिण्याचा सराव कसा करतो, आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांचा सराव कोणत्या वळणाचा होता, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे आरंभ पाढ्यांपासून करावा लागतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि सरकारी दफ्तराची भाषा उर्दू होती. परंतु मराठी घरांतला तोंडी हिशेब पावकी, निमकी, दीडकी यांवर चालत असे, आणि ती मुखोद्गत होईपर्यंत घोकणे हाच सरावाचा सर्वमान्य मार्ग होता. त्या घोकंपट्टीस आज नावे ठेवणे सोपे असले, तरी मापे आणि नाणी अपूर्णांकांत विभागलेली असताना क्षणात उत्तर देणारी जीभ घडविणे हे तिचे प्रयोजन होते, आणि ते तिने पुरेपूर साधले. जेथे ती लागू पडत नाही अशा विद्येतही आपण ती बिनदिक्कत नेली, हा दोष मात्र आपला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सी भाषा महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत रुळली, तेव्हा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती आले. त्यातील उदाहरणे एखाद्या तहसील कचेरीतल्या कारकुनालाही ओळखीची वाटावीत अशी होती: मूळ वेतनावर 40 टक्के महागाई भत्ता व 20 टक्के घरभाडे भत्ता धरून एकूण पगार काढणे, किंवा 100, 50 व 10 रुपयांच्या नोटांत मागितलेली रक्कम कशी द्यावी याचा हिशेब करणे. अशी उदाहरणे स्वतः सोडविणाऱ्यास त्यांतून बरेच काही मिळे. परंतु पुष्कळ ठिकाणी सरावाची जागा जर्नलने, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीने, घेतली. मूळ संख्या ओळखणे, अंकांची उलटापालट, फिबोनाचीची श्रेणी, तारकांचा त्रिकोण, हे ठराविक प्रोग्राम मागील वर्षीच्या जर्नलावरून सुवाच्य अक्षरात उतरवून, त्यांवर स्वाक्षरी घेऊन, परीक्षकापुढे ठेवण्याचा जो रिवाज पडला, त्यात पुनरावृत्ती विपुल होती आणि विचार अत्यल्प.

2001 साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा (एमकेसीएल) एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या तरुणांस, तसेच नोकरीत कायम होऊ पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांस, संगणकाचा परिचय घडला. मात्र तो परिचय यंत्र वापरण्याचा होता, त्याला काम सांगण्याचा नव्हे. पुढे 2009 मध्ये मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने प्रोग्रामलेखनाच्या स्पर्धांचे कोडशेफ हे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा निराळेच पर्व आरंभले. तेथे परीक्षक मनुष्य नसून यंत्र होते. अक्षराचे वळण, ओळखपाळख वा वशिला यांपैकी कशाचीही मातबरी न मानता ते केवळ उत्तर चूक की बरोबर, आणि नेमून दिलेल्या वेळेत आले की नाही, एवढाच निवाडा देई. त्याच दशकात डेव्ह थॉमस या प्रोग्रामरने कराटेतील काता, म्हणजे ठराविक हालचालींचा पुनःपुन्हा केलेला सराव, याचा दाखला देऊन, लहान उदाहरण पुन्हा पुन्हा लिहावे आणि प्रत्येक खेपेस काही नवे शोधावे, असा परिपाठ सुचविला होता. या दोन्ही गोष्टींनी सरावाचा अर्थ पालटला: सुटलेले उदाहरण बाजूस ठेवून तेच पुन्हा कोऱ्या पानावर मांडणे, हाही अभ्यास ठरला.

त्याचे मर्म समजण्यास अणदूरकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. येथील खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गास असतो, ही परंपरा सर्वश्रुत आहे. महिना व तिथी दिली असता देव कोणत्या गावी आहे हे सांगणारा प्रोग्राम नवशिक्याने लिहावा. प्रथम तो जर-तरच्या अटींची लांबलचक उतरंड रचील आणि उत्तर बरोबर आल्याने संतुष्ट होईल. मग ते सारे पुसून, मुक्कामाच्या तिथी एका कोष्टकात ठेवून, बाकीची संहिता त्यांवाचून लिहावी. म्हणजे रिवाज बदलला तरी कोष्टकापलीकडे हात लावावा लागत नाही, हे त्याच्या ध्यानी येईल. तिसऱ्या खेपेस त्याच्यापुढे अधिकमास ठेवावा. तेरावा महिना कोणाच्या हिश्शात धरावयाचा, हा प्रश्न उभा राहताच बारा ही संख्या आपण किती ठिकाणी निष्काळजीपणे गृहीत धरली होती, ते त्याला कळून येईल. आणि असे कळणे दहा निरनिराळी उदाहरणे एकेकदा सोडवून क्वचितच घडते.

आता मागताक्षणी प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे हाताशी आल्यामुळे जुन्या जर्नलाचा धोका नव्या वेषात परतला आहे, आणि केवळ बरोबर उत्तरावर गुण देणारी परीक्षा त्यापुढे निरुपयोगी ठरते. म्हणून परीक्षकाने एकाच उदाहरणाच्या दोन निरनिराळ्या उकली मागाव्यात, दुसरी पहिलीहून कोठे व का वेगळी झाली हे तोंडी विचारावे, आणि समोरच एखादी अट बदलून विद्यार्थ्याकडून ती दुरुस्ती करून घ्यावी. यास अनुदान लागत नाही की वरिष्ठांचा हुकूम. लागतो तो केवळ तपासण्याचा थोडा अधिक वेळ, आणि तो देण्यास शिक्षक राजी असतील, तर पाढ्यांनी जिभेस लावलेली शिस्त बुद्धीलाही लावता येईल.