चहाच्या पानातलं औषध आणि उंदराची आकडी

पोरांनो, १८८८ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञानं चहाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव थिओफिलिन, आपल्या ओळखीच्या कॅफिनचा सख्खा भाऊच. श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू हा सैल करतो, म्हणून पुढं दम्याच्या रोग्यांना तो देऊ लागले. खोकणाऱ्या कुत्र्यांनाही पशुवैद्य तो देतात.

पण औषध काय फक्त छातीत थांबतं? रक्ताबरोबर ते अंगभर फिरतं. आणि अंगात ठिकठिकाणी एक विकर आपल्या कामात गढलेलं असतं, पायरिडॉक्सल कायनेज नावाचं. केळ्यातून, हरभऱ्यातून आलेलं ब-६ जीवनसत्त्व म्हणजे न दळलेली ज्वारी. हे विकर त्याला फॉस्फेट जोडतं, तेव्हा कुठं ते कामाचं होतं. विकर म्हणजे जातंच म्हणा. थिओफिलिन त्या जात्याच्या तोंडाशीच ठाण मांडतो. दाणे आहेत, पण पीठ पडत नाही!

आता मेंदूत चला, खरं नवल तिथं आहे. मेंदूत ग्लुटामेट नावाचा पदार्थ पेशींना चेतवतो आणि गाबा नावाचा त्यांना शांत करतो. हा शांत करणारा कशापासून बनतो, ठाऊक आहे? त्या चेतवणाऱ्यापासूनच! ग्लुटामेटचा एक लहानसा तुकडा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो आणि गाबा तयार. निसर्गाची ही काटकसर मला फार आवडते. पण हा तुकडा काढणाऱ्या विकराला फॉस्फेट जोडलेलं ब-६ लागतंच. ते आटलं की गाबा कमी पडतो, आणि चेतलेल्या पेशींना आवरणारं कोणी उरत नाही.

प्रयोगशाळेत उंदरांना थिओफिलिनची जबर मात्रा दिली, तेव्हा त्यांना आकडी आली, कित्येक मेले. ब-६ दिल्यावर आकडी आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. सगळा दोष ब-६च्या तुटवड्याचा नाही, बरं का. मेंदूला थोपवणारा ॲडेनोसिन नावाचा आणखी एक पदार्थ असतो, त्याचीही वाट थिओफिलिन अडवतो. म्हणूनच हे औषध चालू असताना डॉक्टर रक्तातलं त्याचं प्रमाण तपासतात.

"मग सोबत मूठभर ब-६ देऊन टाकायचं!" असं तुम्ही म्हणाल. पण कुत्र्यांना ब-६चे मोठे डोस देऊन पाहिले, तर त्यांचे संवेदना वाहणारे चेतातंतूच झिजले. पाय कुठं पडतोय ते कळेना, आणि धडधाकट कुत्री चालताना झोकांड्या खाऊ लागली.