धारवाडला जन्मलेले बाळू पालवणकर



परवा मैदानावर सराव चालू असताना सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपल्या भागात मोठा क्रिकेटपटू कोणी झाला का?" मी लगेच गदगच्या सुनील जोशींचे नाव सांगितले. पण त्यांच्या कितीतरी आधीचे एक नाव सांगायचे राहून गेले. ते नाव बाळू पालवणकर यांचे. आज त्यांच्याविषयीच लिहितो.

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार. त्या काळी या जातीला अस्पृश्य मानत. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे मुलांचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. नंतर ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तिथे नेट बांधणे, रेघा आखणे ही कामे होतीच, शिवाय साहेबांना सरावासाठी गोलंदाजीही करायची. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे नामांकित फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केले की ते दर वेळी आठ आणे देत, अशी आठवण सांगतात. साहेबांपुढे रोज तासन्‌तास चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला. मात्र फलंदाजी करायला त्यांना तिथे मिळत नसे.

ते डाव्या हाताचे फिरकी गोलंदाज होते. असा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून बाहेर वळतो. फलंदाज पुढे येतो आणि चेंडू बॅटची कड घेऊन झेल जातो. हाताची लकब न बदलता वेग कमी-जास्त करणे ही बाळूंची खासियत होती.

पुण्याच्या हिंदू संघाला असा गोलंदाज हवा तर होता, पण बरोबर बसवून घ्यायला मन तयार नव्हते. शेवटी संघात घेतले. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे ताटही वेगळे असे. मुलांनो, हे वाचून थोडा वेळ थांबा आणि विचार करा.

पुढे ते मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळूंनी त्या सामन्यात ८ बळी घेतले. शिवरामही त्याच संघात होते. हा निकाल देशभर गाजला.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ प्रथमच इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र वयाच्या पस्तिशीत, सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली झाला. तोवर त्यांचा खेळण्याचा काळ संपला होता, म्हणून कसोटीच्या यादीत त्यांचे नाव सापडत नाही.

इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली बाळूंना वगळण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला जे नाकारले गेले, ते धाकट्याला मिळाले.

पुढे बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ ची निवडणूक त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध लढवली आणि थोड्या मतांनी ते हरले. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी त्यांची कहाणी विस्ताराने लिहिली, म्हणून ती पुन्हा लोकांसमोर आली.

हे सारे लिहिताना मला माझीच एक चूक आठवली. आपल्या शाळेचा संघ निवडताना कर्णधार कोण, हे मी बरेचदा सवयीने ठरवत आलो. ज्याची बॅट तो कर्णधार, ज्याचे वडील ओळखीचे तो कर्णधार. सकाळी लवकर येऊन मैदानावरचे खडे वेचणारा आणि दिवसभर नेटमध्ये गोलंदाजी करणारा मुलगा कर्णधार होऊ शकतो, हे माझ्या मनात आलेच नाही. यंदापासून कर्णधार खेळ आणि वागणूक पाहून निवडला जाईल. संचालक मंडळालाही माझी विनंती आहे की, ज्यांना घेता येत नाही अशा मुलांसाठी बॅट आणि बूट शाळेने द्यावेत.

पालकांनी एवढे करावे: मूल सामन्याहून घरी आले की किती धावा काढल्या हे जरूर विचारा, पण डबा कोणाबरोबर बसून खाल्ला हेही विचारा.

— मुख्याध्यापक