सहा फुटांतील माजरी

कोळशाने भरलेली मालगाडी माजरी जंक्शनमधून जाऊ लागली, की फलाटावरील लहान मुले वाघिणी मोजू लागतात. मोठी माणसे विसापर्यंत येऊन कंटाळतात; मुले मात्र अठ्ठावन्न किंवा एकोणसाठचा आकडा गाठल्यावाचून थांबत नाहीत. भद्रावतीचे दर्शन आटोपून घरी परतल्यावर एखाद्या मुलाचा हट्ट सुरू होतो : आपल्याही घरी रुळांवरून धावणारी गाडी हवी.

व्यापारी घरात असा हट्ट पुरवणे अवघड नसते. वाढदिवसाला महागडा संच येतो, दिवाणखान्यात लंबगोल रूळ मांडले जातात आणि गाडी फिरू लागते. पहिल्या दिवशी सारे घर भोवती बसते. तिसऱ्या दिवशी मुलगा एकटा उरतो आणि आठवड्याने खोके माळ्यावर जाते. दुसऱ्या एखाद्या घरी याच्या उलट घडते. उत्साहाच्या भरात खोलीभर पसरणारी योजना आखली जाते, सुतार बोलावला जातो, अर्धे रूळ बसतात, तोच दिवाळीची साफसफाई येते आणि सारे काम कोपऱ्यात उभे राहते. दोन्हीकडे पैसा वाया जातो, पण त्याहून मोठी हानी वेगळी असते. हाती घेतलेले काम आपल्याला पुरे करता येत नाही, अशी समजूत मुलाच्या मनात घर करते. म्हणून पहिली मांडणी कोणती निवडावी, हा प्रश्न दिसतो त्याहून गंभीर आहे. त्याचे उत्तर बरेचसे माजरीच्या फलाटावरच सापडते.

जंक्शनची शिकवण

१८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला, तो प्रामुख्याने वरोऱ्याच्या कोळशासाठी. वाटेवरील हिंगणघाटच्या कापसालाही त्याचा लाभ झाला. पुढे मार्ग दक्षिणेकडे वाढत गेला आणि १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ हा दुवा पूर्ण झाल्यावर दिल्ली ते मद्रास असा सलग मार्ग तयार झाला. माजरी याच मार्गावर आहे. येथून एक फाटा वर्धा नदी ओलांडून वणीकडे आणि तेथून आदिलाबाद, किनवट, मुदखेडकडे जातो. भोवताली कोळशाच्या खाणी आहेत.

त्यामुळे अशा स्थानकावर रेल्वेची दोन वेगळी कामे शेजारी शेजारी दिसतात. मुख्य मार्गावरून गाड्या धावत निघून जातात. बाजूच्या रुळांवर मालगाड्या थांबतात, वाट पाहतात, इंजिन सुटते, जोडले जाते. आज कोळशाचा संपूर्ण रेक एकत्रच भरून निघतो. पूर्वी मात्र सुट्या वाघिणी वेगवेगळ्या गावांसाठी निवडून, क्रम लावून गाडी जुळवणे, म्हणजेच शंटिंग, हे जंक्शनांवरील नित्याचे काम होते.

नवशिक्याने खरेदीपूर्वी स्वतःला विचारावा असा पहिला प्रश्न येथेच मिळतो : गाडी धावताना पाहत बसायचे आहे, की गाडीकडून काही काम करून घ्यायचे आहे? लंबगोल रुळांवर गाडी धावते, पण चालवणाऱ्याला करण्यासारखे फारसे काही उरत नाही. तिसऱ्या दिवशीच्या कंटाळ्याचे मूळ तेथे असते.

आधी मोजपट्टी, मग खरेदी

दुकानात माल भरण्याआधी गोदाम मोजले जाते. येथेही तोच क्रम हवा. लघुरेल्वेची दोन प्रमाणे जगभर अधिक प्रचलित आहेत. ‘एचओ’ प्रमाणात मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग घेतात आणि रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ‘एन’ प्रमाण सामान्यतः एकशे साठाव्या भागाचे असून त्यात हे अंतर ९ मिलिमीटर असते.

भारतीय ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असते. एचओ प्रमाणात ते सुमारे १९ मिलिमीटर भरावयास हवे. परंतु बाजारातील रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गांसाठी बनलेले असतात. म्हणून भारतीय गाडीखाली ते किंचित अरुंद दिसतात. नवशिक्याने हा फरक निःशंकपणे स्वीकारावा. अचूकतेच्या हट्टापायी रूळ स्वतः घडवण्याचे काम पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नये.

आता फलाटावरील आकड्याकडे वळावे. कोळशाची ‘बॉक्सएन’ वाघीण सुमारे १०.७ मीटर लांब असते. एचओ प्रमाणात ती १२.३ सेंटिमीटर भरते. अठ्ठावन्न वाघिणींचा रेक मांडायचा तर केवळ वाघिणींसाठी सात मीटरांहून अधिक, म्हणजे तेवीस फुटांहून लांब, सरळ रूळ लागतील. एन प्रमाणातही ही लांबी चार मीटरांच्या जवळ जाते. एवढी मोकळी भिंत फार थोड्या घरांत असते. माजरीला आलेली पूर्ण गाडी घरात येणार नाही, हे एकदा मान्य केले की पुढची निवड सोपी होते.

तीन वाटा

पहिली वाट जमिनीवर रूळ जोडण्याची. चार दिवसांच्या खेळासाठी ती ठीक आहे; पण धूळ, केस आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय यांमुळे रूळ व चाके लवकर खराब होतात, आणि रोज उचलून ठेवलेली मांडणी कधी वाढत नाही.

दुसरी वाट आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडच्या फळीची. प्रत्येक प्लायवूडच्या दुकानात हेच माप मिळत असल्याने बहुतेकांना ती सोयीची वाटते. तिच्या अडचणी दोन. चार फूट रुंदीची फळी भिंतीला लावली, तर मागच्या बाजूला घसरलेला डबा उचलण्यासाठी हात पोहोचत नाही. अडीच फुटांपलीकडे वाकून काम करणे कठीण जाते. म्हणून फळीच्या दोन्ही बाजूंना वावरण्याची जागा सोडावी लागते, आणि तिने प्रत्यक्षात अर्धी खोली व्यापली जाते. दुसरी अडचण वळणांची. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट असावी, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. प्रवासी गाडीचा जुन्या धाटणीचा आयसीएफ डबा एचओ प्रमाणात साडेचोवीस सेंटिमीटर लांब होतो. त्यास सुमारे चौऱ्याहत्तर सेंटिमीटरची त्रिज्या हवी, म्हणजे वर्तुळाचा व्यास जवळजवळ पाच फूट. तो चार फुटांच्या फळीवर मावत नाही. कोळशाच्या वाघिणीला मात्र सदतीस सेंटिमीटरची त्रिज्या पुरते. लहान जागेत एक्सप्रेसपेक्षा मालगाडी अधिक शोभते, ती या हिशेबामुळे. प्रवासी गाडीचाच आग्रह असेल, तर एन प्रमाण घ्यावे. तेथे तोच डबा तेरा-साडेतेरा सेंटिमीटरचा होतो.

तिसरी वाट भिंतीलगतच्या अरुंद फळीची. तिच्यावर वर्तुळ नसते. एक मुख्य रूळ, दोन सांधे आणि बाजूच्या मार्गिका एवढेच असते. दिसायला ती सर्वांत साधी, पण नवशिक्याला सर्वाधिक शिकवणारी.

आठ वाघिणींचा हिशेब

इंग्लंडमधील ॲलन राइट यांनी अशाच अरुंद फळीवर शंटिंगचे एक कोडे मांडले. ‘इंगलनूक सायडिंग्ज’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. त्यात तीन मार्गिका असतात : एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत प्रत्येकी तीन. पुढच्या रुळावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा असते. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमाने त्या निघतील, नेमक्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी जुळवायची. असे एकूण ६,७२० क्रम संभवतात. रोज एक गाडी जुळवली, तरी सारे क्रम संपायला अठरा वर्षांहून अधिक काळ लागेल.

जागेचा हिशेबही जुळतो. पाच बॉक्सएन वाघिणींना बासष्ट सेंटिमीटर, एका सांध्याला सुमारे वीस, तीन वाघिणींना सदतीस आणि डिझेल इंजिनाला वीस. त्यात थोडी मोकळीक धरली तरी सहा फूट लांब आणि सव्वा फूट रुंद फळी पुरते. बाजारातील परदेशी वाघिणी लांबीला कमी-अधिक असतात, म्हणून फळी कापण्यापूर्वी एक वाघीण हातात घेऊन मोजावी.

ही फळी माजरीसारखी सजवणे फारसे अवघड नाही. एक मार्गिका खाणीची, दुसरी वणीच्या फाट्याची, तिसरी मुख्य मार्गाची मानावी. कोळशाचा बारीक चुरा वाघिणींत भरावा, मागे पुठ्ठ्याची स्थानक-इमारत उभी करावी. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपल्यावर मिळणाऱ्या तासाभरात आजोबांनी चिठ्ठ्या काढाव्यात आणि नातवंडांनी गाडी जुळवावी. किती हालचालींत गाडी तयार झाली, त्याची नोंद एका वहीत ठेवावी. हीच वही पुढे मुलांना खेळाकडे परत आणते.

फळी, वीज आणि डिंक

चंद्रपूरच्या कडक उन्हाळ्यानंतर येणारा दमट पावसाळा लाकडाला मानवत नाही. पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्यावे, खाली लाकडी चौकट ठोकावी आणि रूळ बसवण्यापूर्वी फळीच्या दोन्ही बाजूंना रंग द्यावा. एकाच बाजूला रंग दिल्यास फळी वाकण्याची भीती असते.

या मांडणीत इंजिन एकच, म्हणून प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देणारी महाग डिजिटल यंत्रणा आरंभी नको. बारा व्होल्टचा साधा नियंत्रक पुरतो : दाब वाढवला की वेग वाढतो, धन-ऋण बाजू बदलल्या की इंजिन उलट दिशेने जाते. दोन रुळांतून वीज वाहत असल्याने स्वतःकडेच परत वळणारा फास मांडला, तर शॉर्टसर्किट होते. सरळ फळीवर हा धोका उद्भवत नाही. बचत झालेला पैसा इंजिनावर खर्चावा. अगदी संथ गतीने, न अडखळता चालणारे एक इंजिन हे धक्के खात धावणाऱ्या तिघांपेक्षा बरे.

चिकटवण्यासाठी पूर्वीचे सुतार सरस वापरत. तो प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतो. आज सर्वत्र मिळणारा पांढरा कृत्रिम डिंक तितकाच उपयोगी आहे. रंगासाठी नायलॉनचे कुंचले मिळतात, त्यामुळे केसांच्या कुंचल्यांचीही गरज राहत नाही.

पुढचे टोक

हा छंद कोठवर जाऊ शकतो, हे पुण्याच्या कोथरूड भागात पाहावयास मिळते. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभे राहिलेले तेथील लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. गाड्या, सिग्नल, पूल, रस्ते आणि दिव्यांनी गजबजलेले ते छोटे नगर मुलांना अवश्य दाखवावे. मात्र अनेक वर्षांच्या श्रमांचे ते फळ पहिल्या खरेदीचा नमुना मानू नये. मोठ्या पेढीचा थाट पाहून कोणी पहिल्याच दिवशी तेवढे भांडवल गुंतवत नाही.

सहा फुटांच्या फळीचा आणखी एक गुण आहे. ती वाया जात नाही. पुढे जागा आणि हौस वाढली, तर तिच्या टोकाला दुसरी फळी जोडता येते, मुख्य मार्ग लांबवता येतो, आणि पहिली फळी त्या मोठ्या मांडणीतील मालधक्का बनून राहते.

तेव्हा पुढच्या वेळी भद्रावतीला जाताना माजरीला तासभर थांबावे. फलाट तिकीट काढून, रुळांपासून दूर बसून, मुलाच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. कोणता रूळ कोठून फुटतो, सांधा कोठे आहे, कोणती गाडी थांबली आणि कोणती निघून गेली, हे त्याने काढून आणावे. खरेदीची यादी त्या चित्रावरून तयार करावी : दोन सांधे, एक इंजिन, आठ वाघिणी.