भिंतीवरचा देवमासा

अमेरिकेतील लगुना बीच या गावी १९८१ साली वायलंड नावाच्या चित्रकाराने एका भिंतीवर करड्या देवमाशाची मादी आणि तिचे पिल्लू रंगवले. तेही खऱ्याच आकाराचे! पुढे त्याने शंभर भिंतींचा पण केला. शंभरावी भिंत २००८ साली बीजिंगमध्ये पूर्ण झाली, तीही देशोदेशीच्या मुलांना सोबत घेऊन.

चित्राने समुद्र स्वच्छ होतो का? नाही. पण देवमासा पाण्याखाली असतो. त्याचे जगणे आपल्याला दिसत नाही, अन् मरणही. भिंत निदान जगणे तरी दाखवते.

आपल्या गल्लीतले गटार नाल्याला, नाला नदीला आणि नदी समुद्राला मिळते. मुले हौसेने कुंचला धरतील. पिशवी गटारात जाऊ न देणे मात्र आपल्याच हातात आहे.